मासोळीखालच्या रेघा

हा गौरवग्रंथ हातात पडला की तुम्ही आधी स्वतःचा फोटो शोधाल, मग चष्मा शोधाल, मग फोन कुठं ठेवला म्हणून घरभर विचारत फिराल. फोन तुमच्या हातातच आहे. मी कोण, हे तर तुम्ही केव्हाच विसरला असाल. वर्षानुवर्षं माझ्या हातची खिचडी खाल्लीत, तिखट झाली म्हणून तोंडं वाकडी केलीत, आणि समितीच्या सरांनी लेखांच्या यादीत माझं नाव घातलं तर दोघांनी विचारलं म्हणे, "या द्वारकाबाई मोरे कोण?" शाळेच्या चुलीपुढे बसायची ती आजी मीच. आता आठवलं असेल तर पुढचं ऐका.

मला लिहिता येत नाही. हे सगळं माझी नात श्रेया लिहून घेते आहे. सर म्हणाले, आजी, फोनमध्ये बोला, तो आपोआप लिहितो. मी नको म्हटलं. फोन ऐकून घेतो, पण मध्येच थांबवून "म्हणजे काय गो आजी?" असं विचारत नाही. श्रेया विचारते. ती बारा वर्षांची आहे, सातवीत. मान एका बाजूला कलती करून लिहिते, कारण तिच्या डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही. त्या डोळ्याची हकिकत सांगितल्याशिवाय तांबे बाईंचा गौरव मला करता येणार नाही. त्यातला एक भाग श्रेयालाही ठाऊक नाही. तो लिहिताना तिला कळेल. म्हणूनच पेन तिच्या हातात दिलं आहे.

सुजाता तांबे बाई आमच्या वाडीवरच्या शाळेत आल्या तेव्हा श्रेयाचा जन्मही झाला नव्हता. पोलादपूरहून एसटीनं यायचं, फाट्यावर उतरायचं आणि तिथून चढ चालत यायचं. आधीचे गुरुजी वर पोचले की बराच वेळ कुणाशी बोलत नसत. बाई आल्या, हातपाय धुतले आणि थेट चुलीपाशी येऊन म्हणाल्या, "आजी, या शाळेतलं सगळ्यांत भुकेलं मूल कोण?"

हुशार कोण, द्वाड कोण, हे सगळेच विचारतात. भुकेलं कोण, हे माझ्या चुलीला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी बोट दाखवलं. बाईंनी त्या मुलाला पहिल्या बाकावर बसवलं.

दुपारी बाईंनी आपला डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे केली. बाई नाते गावच्या बौद्धवाडीतल्या, हे मला सकाळीच कुणीतरी कानात सांगून गेलं होतं. मी म्हटलं, "माझा उपास हाय." त्या दिवशी कसलाही वार नव्हता. बाई "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डबा उघडताना त्यांनी विचारलं, "आजी, आज उपास आहे का?" तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. चौथ्या दिवशी मला माझ्याच उपासाची लाज वाटली आणि मी हात पुढे केला. चटणीत लसूण कमी होता. तसं सांगितलं. तेव्हापासून आमचं जमलं.

बाईंची एक खोड तुम्हां सगळ्यांना माहीत आहे, निदान असायला हवी. कुठलीही गोष्ट मानायची तर आधी मोजून बघायची. वर्गाचं छप्पर गळायचं. बाकीच्यांनी अर्ज केले. बाईंनी पोरांना गळतीखाली पातेली मांडायला लावली, रोजचं पाणी मापानं मोजून लिहायला लावलं, आणि पावसाळा संपल्यावर त्यातलं एक बाटलीभर पाणी आणि ती वही नेऊन ऑफिसातल्या टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, "बाई, हे काय?" बाई म्हणाल्या, "तिसरीच्या वर्गातला पाऊस." उन्हाळ्यात छप्पर झालं.

मग शाळा बंद पडल्या ती दोन वर्षं आली. बाई तोंडाला फडकं बांधून घरोघर फिरल्या. प्रत्येक ओटीवर तेच सांगत, "घरात एक तरी मोठा फोन घ्या. धडे त्यावर येतील. नाहीतर पोर मागं पडेल." माझा मुलगा आणि सून दोघंही महाडच्या एमआयडीसीत कामाला, सकाळी कंपनीच्या गाडीनं जातात. त्यांनी एक फोन घरी ठेवला. धडा अर्ध्या तासाचा असे. फोन मात्र दिवसभर श्रेयाच्या हातात राहायचा.

खरं सांगायचं तर फोन तिला मीच आधी दाखवला होता. ती दोन वर्षांची असताना जेवायला फार छळायची. मुलाचा फोन घ्यायचा, त्यात एक कोंबडी नाचायची, कोंबडी नाचली की पोरीचं तोंड उघडायचं, आणि मी घास आत सारायची. मला वाटायचं, काय सोय झाली. पोरगी काय खाते आहे हे तिला माहीत नसायचं, आणि ती कुठं बघते आहे हे मला बघावं लागायचं नाही.

शाळा उघडल्या आणि पोरं आली. आली, पण आल्यासारखी वाटेनात. आधी खिचडीची खरवड कुणाला मिळणार यावरून माझ्यापुढे मारामाऱ्या व्हायच्या. आता रांग गप्प. ताटाच्या काठावर अंगठे नुसते वरखाली सरकत असायचे. दुसरीतल्या एका मुलीनं पुस्तकातल्या चित्रावर दोन बोटं ठेवून ती फाकवली, चित्र मोठं झालं नाही तेव्हा पुस्तक बिघडलंय अशा नजरेनं तिनं बाईंकडे बघितलं. मधल्या सुट्टीत अंगणात सोडलं तर व्हरांड्यातच बसून राहायची. ताटात काय वाढलंय ते न बघता चिवडायची, आणि निम्मं तसंच टाकून उठायची. इतकी वर्षं चूल पेटवली, पण पोरांचं उष्टं बघून भीती वाटावी असं आधी झालं नव्हतं.

गावात दोन तट पडले. एक म्हणे, मोबाईलनं पोरांचं वाटोळं केलं. दुसरा म्हणे, जमाना हाच हाय, तुम्ही म्हातारे गप बसा. बाई कुठल्याच तटात गेल्या नाहीत. तांदळाची पोती मोजायचा काटा त्यांनी चुलीशेजारी आणून ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, रोजचं उष्टं एका टोपात गोळा करायचं आणि माझ्यासमोर तोलायचं. बघू काय दिसतं."

कोण टाकतं हेही कळायला हवं होतं. मला नावं लिहिता येत नाहीत. मग मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानं प्रत्येक पोराची एकेक खूण काढली. कुणाला छत्री, कुणाला विळा, कुणाला केळीचं पान. श्रेयाला मासोळी, कारण ओढ्यात सोडली की ती बाहेर यायचं नाव घेत नसे. बाईंनी नियम सांगितला. ताटात निम्म्याहून जास्त उरलं, तर खुणेखाली एक रेघ. वाढून घेताना नजर भलतीकडे आणि ताट पळीखाली नाही, तरी एक रेघ. शनिवारी बाई त्या भिंतीपुढे पाट टाकून बसायच्या, रेघा मोजून वहीत उतरवायच्या, आणि ज्याच्या खुणेखाली जास्त, त्याच्या घरी जायच्या. भांडायला नव्हे. एवढंच विचारायला, "जेवताना पोराच्या समोर काय असतं? शेजारी कोण असतं?"

काटा काय बोलला तेही सांगते. सोमवारचा टोप सगळ्यांत जड. रविवारी पोरं घरी, फोनही घरी. शाळेच्या भिंतीवर तेव्हा मोठा टीव्ही आला होता. बाईंच्या मनात होतं की टीव्ही चालला त्या दिवशीही टोप जड भरेल. तसं झालं नाही. बाई शेजारी उभ्या राहून तो मध्येमध्ये थांबवायच्या, "हृदय कुठल्या बाजूला? हात ठेव बघू," असं विचारायच्या, त्या दिवशी टोप हलका. बाई मीटिंगला महाडला गेल्या आणि पोरं गप्प राहावीत म्हणून कुणी टीव्ही नुसता लावून ठेवला, त्या दिवशी जड.

मी म्हटलं, "झालं तर मग. सापडलं."

बाई म्हणाल्या, "एवढ्यात नाही. त्या दिवशी तुमचं मीठ कमी होतं का?"

"माझं मीठ कधी कमी नसतं."

"तेही लिहून ठेवते," म्हणाल्या, आणि खरंच लिहिलं.

फोन म्हणजे विष, असं बाईंच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. वरच्या धनगरवाडीची एक पोरगी होती. पावसाळ्यात ओढा भरला की आठ-आठ दिवस तिची वाट बंद. शाळा बंद होती त्या दिवसांत बाईंनी आपल्या आवाजात तिला धडे पाठवले, ती ऐकून वहीत लिहायची आणि वहीचा फोटो उलट पाठवायची. पुढेही दर पावसाळ्यात बाईंनी ते चालू ठेवलं. ती पोरगी दहावी झाली, आता महाडला नर्सिंग शिकते आहे. भिंतीसमोर बसून बाई त्या पोरीचंही नाव घ्यायच्या. म्हणायच्या, "आजी, हीसुद्धा काट्यावर ठेवा."

मग पालक सभा झाली. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला फोन मी घ्यायला लावले. किती वेळ द्यायचा, शेजारी कोण बसणार, हे सांगितलं नाही. ती चूक माझी आहे."

मागून एक आई बोलली, "बाय, आता काढून घेतला तर पोरगी जेवत नाय. तुम्ही या भरवायला."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येते. कधी येऊ?"

आणि गेल्या. आठ दिवस शाळा सुटल्यावर त्या घरी जाऊन बसल्या. पोरीसमोर ताट, ताटासमोर बाई. भरवायचं नाही, रागवायचं नाही, नुसतं बसायचं. पोरगी रडली, लोळली, ताट लोटलं. पाचव्या दिवशी तिनं भाकरीचा तुकडा आपल्या हातानं मोडला. आईनं पदर तोंडाला लावला. मास्तरकीच्या कुठल्या नियमात हे बसतं, मला माहीत नाही.

पण त्याच सभेत बाई आणखी एक बोलल्या. म्हणाल्या, "एवढ्या मुलांत एकच खूण अशी आहे की वर्षभरात तिच्याखाली एकही रेघ नाही. मासोळी. द्वारका आजींकडून शिका." साऱ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान ताठ केली. ती मान आजही दुखते.

श्रेया, आता पेन नीट धर गो.

मासोळीखाली रेघ नव्हती, कारण मी मारली नाही. श्रेयाचं ताट रोज निम्म्याहून जास्त भरलेलं परत यायचं. फोन समोर नसला तर तिला घास उतरत नव्हता. ते ताट मी आधी उचलायची, कोंबड्यांच्या डब्यात पुसायची, आणि मग बाकीच्यांचं उष्टं टोपात गोळा करायची. शाळा सुटली की घरी नेऊन फोन समोर धरून तिला जेवू घालायची. पोरगी उपाशी नव्हती, मग कुणाचं काय गेलं, असं मी स्वतःला समजावलं. चुलीवरच्या आजीचीच नात उष्टं टाकते, हे भिंतीवर कसं काढू?

तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण ती ताट पुढे करायची ते पळीखाली कधी यायचं नाही. वीतभर बाजूला. मला वाटलं, हिचं लक्ष नाही, डोक्यात फोन नाचतोय. नियमाप्रमाणे त्याचीही रेघ होती. मी रेघ मारली नाही. तिचं ताट जिथं असेल तिथं मी पळी न्यायला शिकले. वर्षभर. हात इतका सरावला की मला स्वतःलाही ते दिसेनासं झालं.

श्रावणात मला ताप भरला. तीन दिवस मी घरी. खिचडी कुणी शिजवली मला माहीत नाही, पण वाढली बाईंनी. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई पावसातून आमच्या ओटीवर आल्या. छत्री कोपऱ्यात ठेवली.

"ताप उतरला का, आजी?"

"उतरला. तुम्ही कशाला आलात एवढ्या पावसाचं."

"मासोळीखाली तीन रेघा मारून आले," बाई म्हणाल्या.

बाहेर पन्हळीचं पाणी पडत होतं, ते मी ऐकत राहिले.

बाईंनी ताटाचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "खिचडी तीनही दिवस जमिनीवर सांडली. मी मुद्दाम पळी हलवली नाही. मग तिला उजवा डोळा झाकायला सांगितला आणि पेन्सिल समोर धरली. तिनं हवेत हात फिरवला, आजी."

दोन दिवसांनी आम्ही तिघी एसटीनं महाडला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी भिंग लावून, थेंब घालून, पुन्हा पुन्हा बघितलं. म्हणाल्या, "हा डोळा लहानपणापासूनच कमजोर असणार. मोबाईलनं गेला असं मी म्हणणार नाही. पण हातभर अंतरावर एका डोळ्यानं सगळं भागत होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. लहान वयात पट्टी बांधली की असा डोळा पुष्कळ सुधारतो. वर्षभर आधी जरी आणली असती—" आणि थांबल्या.

बाई म्हणाल्या, "आता काय करता येईल ते सांगा."

परत येताना श्रेया खिडकीशी झोपली. मी बाईंना म्हटलं, "मला मारा. चार लोकांत मारा." बाई म्हणाल्या, "तुमच्या घरात फोन मी आणायला लावला. आणि ती भिंत मी दर शनिवारी बघत होते. एकही रेघ नसलेलं मूल कुठं असतं का? हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मला ते आवडलं, म्हणून मी मोजलं नाही." पोलादपूर आलं तेव्हा उठता उठता एवढंच बोलल्या, "श्रेयाला हे तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. पण सांगायचं."

चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागेल. पट्टी बांधली की पोरगी चाचपडायची, दाराला आपटायची, ओरबाडून पट्टी काढायची. शाळेत पोरं एकडोळी म्हणून चिडवायला लागली. दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच्या डोळ्यावर पट्टी बांधून वर्गात आल्या. आठवडाभर तशाच शिकवत होत्या. एकदा फळ्याऐवजी भिंतीवर लिहिलं, एकदा उंबऱ्यात ठेच लागून पायाचं नख उखडलं. शुक्रवारपर्यंत निम्मा वर्ग घरून पट्ट्या बांधून आला. मग चिडवायला कोणी उरलं नाही.

दोन तास तांदूळ निवडायचा, मणी ओवायचे, मोठ्या अक्षरांचं वाचायचं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पट्टी लावून रोज अर्धा तास पडद्यावरचा एक खेळ खेळू द्या, डोळ्याला बरं असतं. मी म्हटलं, "पुन्हा तोच?" बाईंनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि श्रेयाच्या शेजारी बसल्या. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. खेळ बंद, घड्याळ मनगटावर. जो फोन मी घास सारायला वापरला, तोच औषध म्हणून कसा द्यायचा हे मी त्या टेबलाशी बघितलं. फरक मला कळला. उशिरा कळला.

बाई निवृत्त झाल्या. तरी दर शनिवारी नातेहून महाड, महाडहून पोलादपूर, मग फाट्यावरून चढ, असं करत येतात. शनिवारी आमच्या चढावर गुडघे झिजवायचे आणि रविवारी महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात नेऊन शेकायचे, असं त्यांचं चाललेलं असतं. मी म्हणते, सरळ सवलाच घर बांधा. श्रेयाचा तो डोळा आता डॉक्टरांच्या तक्त्यावरची तिसरी ओळ वाचतो. चौथी येत नाही. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता एवढंच राहील. बाईंनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. बाहेर आल्यावर नळावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

मासोळीखाली रेघ का नव्हती ते सांगितलं, तेव्हाच श्रेयानं पेन खाली ठेवलं होतं. माझ्याकडे बघितलं नाही. उठली आणि गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. फोन घेऊन माडीवर बसायची. मी हाक मारली नाही. सुनेनं विचारलं, "काय झालं गो हिला?" मी म्हटलं, "मी झाले."

दुसऱ्या दिवशी शाळेतली आताची स्वयंपाकीण पाण्याला आली होती. म्हणाली, "आजी, तुमची नात मघा चुलीपाशी आलेली. कोळसा घेतलान आणि तुमच्या त्या जुन्या माशाखाली रेघा मारत सुटली. भिंत भरली. मी म्हटलं, काय मोजतेस गो? तर बोलली, मोजत नाय, राहिल्यात त्या मारतेय."

आज तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन समोर येऊन बसली. म्हणाली, "कुठपर्यंत आलेलो?"

"माशापर्यंत."

"तू माझं ताट पुसायचीस ते मला दिसायचं," ती म्हणाली. "सगळ्यांना पकडायचीस, मला नाय. मला भारी वाटायचं. मला वाटायचं, आजी माझ्या बाजूनं हाय."

मी तिच्यापुढची वही सरळ केली.

"रेघ मारायची होतीस गो आजी," ती म्हणाली, आणि मान कलती करून पुढचं लिहायला घेतलं. तिनं मला माफ केलं असं समजू नका. ती नुसती लिहिते आहे. हे वाक्य लिहू का म्हणून विचारलंन. मी म्हटलं, लिही.

तर अशा आमच्या तांबे बाई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना पुष्कळ आयुष्य मिळो, असं इथं म्हणायची रीत आहे, आणि मी ते मनापासून म्हणते. पण नुसतं आयुष्य मागून काय करायचं? गुडघे चढापुरते तरी टिकोत. दोन्ही डोळे शेवटपर्यंत स्वच्छ राहोत. त्यांना न आवडणाऱ्या गोष्टी त्या मोजत आल्याच आहेत, आवडणाऱ्या गोष्टीही त्या यापुढे मोजून घेवोत. आणि श्रेया दहावीला बसेल त्या दिवशी परीक्षेच्या दारापर्यंत तिला सोडायला त्याच असोत. मी असेन नसेन, मी गेले तरी चालेल, मला काही फळ्यावरचं वाचायचं नाही.

आता कार्यक्रमाचं. पेढ्यांचे बॉक्स कुणी आणू नका, बाईंना साखर झाली आहे, हेही तुम्ही विसरला असाल. ज्याला पाठवायचंच आहे त्यानं तांदळाच्या भाकऱ्या पाठवा, कालच्या नव्हे, त्याच सकाळच्या, आणि सुकटीची चटणी कोरडी, लसूण पुरेसा घालून, कांदा वेगळा बांधून. डबा तुमच्या घरातल्या पोराच्या हातात द्या, फोन घरी ठेवायला सांगा, आणि त्याला बाईंसमोर जेवायला बसवा. जेवढं खाईल तेवढं खाऊ दे. उरलं तर उरू दे, पण ताट पुसून देऊ नका, तसंच बाईंच्या हातात द्या.